गोठ्यापर्यंत रेंज

हिराजी गेले त्या दिवसापासून चिमानं पान्हा घातला नव्हता.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, ओसरीवरच्या चटया गुंडाळून माळ्यावर गेल्या, आणि मग घरात हीच एक गोष्ट उरली जिचं काय करायचं ते कुणालाच कळेना. गौराबाई सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन गोठ्यात जायच्या, भिजवलेल्या पेंडीचं अंबोण पुढ्यात ठेवायच्या, कोमट पाण्यानं कास धुवायच्या, आणि चहापुरतं दूध घेऊन परत यायच्या. बाकीचं दूध चिमा वर ओढून धरायची. म्हशीला तसं करता येतं. कास भरलेली दिसते, हाताला जड लागते, पण सडातून थेंब उतरत नाही.

चिमाला तरी काय बोल लावणार? श्रावणात ती व्याली आणि आठवड्याच्या आत रेडकू गेलं. रेडकू ढुशा मारायला नसेल तर म्हैस सहसा पान्हावत नाही. हिराजींनी तिला बोलून बोलून वळवलं होतं. तिच्या कुशीला डोकं टेकून ते बोलत बसायचे. भाताला यंदा लोंबी कशी धरलीय, गुडघा कुठे दुखतो, लेकाची, देवेशची कंपनी त्याला सुट्टी का देत नाही, असं काहीही. रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. तिथल्या यंत्रांच्या आवाजात त्यांना गप्प राहायची सवय लागली होती, आणि घरीही ते मोजकंच बोलायचे. सगळं बोलणं त्यांनी जणू गोठ्यासाठी राखून ठेवलं होतं.

शेजारच्या नंदाकाकूंच्या हाताला आळीतली कुठलीही म्हैस वश व्हायची. त्यांनी दोनदा बसून पाहिलं आणि कंबर धरून उठल्या. "नाय गं गौरे. ही मला ऐकतच नाय. भिंतीची धार काढल्यासारखं वाटतं." मग गौराबाई नवऱ्याचा सदरा घालून बसल्या. त्यांचा टॉवेल डोक्याला गुंडाळून बसल्या. चिमानं सदऱ्याचा वास घेतला, दाराकडे मान वळवली, आणि मान वळलेलीच ठेवली. त्यानंतर गौराबाईंनी तो सदरा धुवून, घडी करून ठेवून दिला. गुरांच्या डॉक्टरांनी पान्ह्याची सुई टोचायची तयारी दाखवली तर गौराबाई म्हणाल्या, "सुई टोचून काढलेलं दूध मला नको." डॉक्टर म्हणाले, मग ती आटेल, नाहीतर कासेत गाठी धरतील. आटलेल्या म्हशीला विचारतो कोण? विचारणारा एकच होता, शिळफाट्याकडचा, गुरं विकत घेणारा हेडी गजा. तो येऊन चिमाभोवती एक फेरी मारून गेला. गौराबाईंनी त्याला शुक्रवारी ये म्हणून सांगितलं.

त्यांची थोरली मुलगी हर्षला तेव्हा पडवीत उभी होती. पुण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती काम करायची आणि आता रजा वाढवून राहिली होती. आई स्वतःहून काही सांगणाऱ्यांतली नव्हती. पण गजाची मोटारसायकल वळणाआड गेल्यावर तिच्याकडे न बघताच आई म्हणाली, "ती गेली का गोठा रिकामा. मंग सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

 

त्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी देवेशचा व्हिडिओ कॉल आला. देवेश तिचा धाकटा भाऊ, सौदीत एका केमिकल प्लांटवर ऑपरेटर. वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा प्लांटवर शटडाऊनची दुरुस्ती चालू होती आणि रजा बंद होत्या. त्याला येता आलं नाही, आणि त्याबद्दल तो काही बोललाही नाही. रोज फोन करायचा, सगळे जेवले का ते विचारायचा आणि ठेवून द्यायचा. गौराबाई मागच्या दारी पायरीवर सुपात वाल निवडत होत्या. वायफाय ओसरीत होतं. मुलगा टीव्हीवर मोठा दिसावा म्हणून गेल्या वर्षी आबांनीच ते बसवून घेतलं होतं. त्याची रेंज कशीबशी त्या पायरीपर्यंत यायची. हर्षलानं फोन भिंतीला टेकवून ठेवला होता.

"दाढी काय वाडवलीस रं," गौराबाई म्हणाल्या. "मौलवी दिसतोस."

"इथं सगळेच ठेवतात."

"सगळे ठेवतात म्हून तू ठेवायची? तुज्या दाढीत तर भोकं हायेत मधी मधी. उंदरानं खाल्लेल्या पोत्यासारखी."

देवेश हसला. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळा हसला, घसा भरून, शेवटी खाकरून. आणि गोठ्यातून चिमा रेकली.

गौराबाईंचा हात सुपातच थांबला.

"परत बोल रं."

"काय बोलू?"

"काय पण. जरा मोठ्यानं."

"आई, बसमधी हाय मी. सगळी पोरं बसलीत शेजारी."

एवढ्यावर चिमा पुन्हा रेकली, मघापेक्षा लांब सुरात. शेवग्यावरचे दोन कावळे उडाले.  हर्षलानं आईकडे पाहिलं.

"तिला आबा वाटले," ती हळूच म्हणाली.

"तिला काय वाटलं ते तिचं तिला ठावं," गौराबाई म्हणाल्या. पण सूप बाजूला ठेवून त्या उठल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. फोन घेऊन गोठ्याकडे गेलं की शेवग्याच्या झाडापाशी देवेशचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजायचं. फोनचं स्वतःचं नेटवर्क तर त्या खोलगट गावात देवळाच्या पायरीशिवाय कुठेच धड नव्हतं. चिमाला मागच्या दारी आणून बांधलं तर तिनं खुंट्याला हिसके देऊन तुळशीचा कट्टा हलवला. जागा बदलली की जनावर बिथरतं, पान्हा तर लांबच. मग हर्षलानं देवेशला आवाज भरून पाठवायला सांगितला. "चिमे, ए चिमे, उभी ऱ्हा," असं तो त्यात म्हणत होता. तो गोठ्यात लावला तेव्हा चिमाचे कान पुढे झाले, फोनवर खिळले आणि थोड्या वेळानं पडले.

"तो बोलतोय," गौराबाई म्हणाल्या, "पन तिच्याशी नाय बोलत. तिनं पाय हलवला तर त्याला कुठं दिसतंय?"

आबांचा आवाज असलेला एक व्हिडिओही हर्षलाच्या फोनमध्ये होता. आबांच्या भाचीच्या हळदीचा. त्यात शेवटी आबा कॅमेऱ्याकडे बघून "झालं का काढून?" एवढंच म्हणतात. तो तिनं आबा गेल्यानंतर एकदाच पाहिला होता. "तो लावून बघू का?" असं तिनं खालमानेनं विचारलं, तेव्हा आईनं नाही अशी मान हलवली. "जनावराला फसवायचं नाय. देवेशचा आवाज देवेशचा हाय. तो जिता हाय."

मंगळवारी हर्षला खोपोलीला गेली. धनेशचं मोबाइलचं दुकान अरुंद होतं. चार्जरच्या वायरी छतापासून वेलींसारख्या लोंबत होत्या.

"कुठपर्यंत पायजे रेंज?" धनेशनं विचारलं.

"गोठ्यापर्यंत."

"सीसीटीव्ही लावताय?"

"नाही. म्हशीला फोन येतो."

धनेशनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कुणाचा?"

"माझ्या भावाचा."

 तिच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं. मग त्यानं मागच्या फळीवरून एक लहान खोका काढला, त्यावरची धूळ फुंकली. "हा एक्स्टेंडर घ्या. प्लगात घालायचा, राउटरला जोडायचा, झालं. आणि ताई, खोका जपून उघडा. म्हशीनं फोन नाय उचलला तर परत घेतो."

खोक्यातला डबा तळहाताएवढा होता, पांढरा, दोन कान उभारल्यासारख्या दोन काड्या असलेला. घरी आल्यावर हर्षलानं तो आधी ओसरीत राउटरशेजारी लावला. दोन्हीकडची बटणं दाबली. त्याचा दिवा लुकलुकला, लुकलुकत राहिला आणि हिरवा होऊन थांबला. दोघांची ओळख पटली, असं तिला वाटून गेलं. आता तो हलवायचा कुठे, हा प्रश्न होता.

"गोठ्यात," गौराबाई म्हणाल्या. "जिथं नाय तिथंच लावायचा. अंधार हाय तिथं बल्ब लावतो का नाय?"

हर्षलालाही ते पटलं. गोठ्यातल्या बल्बच्या बोर्डवर तिनं डबा लावला. दिवा लाल झाला. तो संध्याकाळभर लालच राहिला. देवेश तिकडे खोलीवर फोन घेऊन ताटकळला, आणि चिमा अंधारातल्या त्या लाल ठिपक्याकडे टक लावून रवंथ करत राहिली. गौराबाई चहापुरतं दूध घेऊन परत आल्या.

बुधवारी सकाळी हर्षलानं खोक्यातला कागद नीट वाचला. चूक साधी होती. तो डबा स्वतः काही तयार करत नव्हता. त्याच्यापर्यंत जेवढं पोचेल तेवढंच तो पुढे देणार. म्हणून तो अशा ठिकाणी हवा होता जिथं राउटरची रेंज अजून चांगली आहे, पण संपत आलेली आहे. तिनं हे आईला समजावलं.

"म्हंजे खाचरातल्या पाण्यासारखं," गौराबाई म्हणाल्या. "वरचं भरलं का बांधाला मोरी पाडून खालच्याला द्यायचं. कोरड्या खाचरात मोरी पाडून काय उपेग?"

"तसंच."

"मंग कालच सांगायचं."

"काल मलाही माहीत नव्हतं."

मग फोन हातात धरून हर्षला घरभर हिंडली. ओसरीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात. ती वीस वर्षं या घरात वाढली होती, पण असं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांना दिसणाऱ्या घराच्या आत आणखी एक घर होतं. त्यात मातीची भिंत पातळ होती आणि भाताची लोखंडी कोठी डोंगराएवढी. कोठीच्या मागे गेलं की सगळं विझायचं, एक पाऊल बाजूला सरलं की पुन्हा उजळायचं. देवघरापाशी भरपूर होतं. जिथं आबांना शेवटचं निजवलं होतं त्या जागी तर काठोकाठ भरलेलं होतं. ती तिथं क्षणभर उभी राहिली. या क्षणी तिच्या हातातून, बरगड्यांमधून, मागच्या भिंतीतून किती माणसांची बोलणी जात होती? तरंगांबद्दल तिनं पुष्कळ वाचलं होतं, आणि वाचलेलं सगळं खरं होतं. पण ते असं घरात उभं राहून आपल्या अंगातून जात असतं, हे तिला आज कळत होतं.

जागा सापडली ती स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी, मिक्सरच्या बोर्डवर. तिथं दिवा हिरवा राहिला. खिडकीतून गोठा समोर दिसत होता.

त्या संध्याकाळी हर्षला फोन हातात धरून गोठ्यात शिरली आणि देवेशचा चेहरा थिजला नाही. दारातून आत, गव्हाणीपर्यंत, थेट चिमाच्या शिंगांपर्यंत तो अखंड आला. शेणाच्या, पेंडीच्या, ओल्या गवताच्या त्या वासात त्याचा चेहरा उजळ होऊन हलत होता.

"अरे वा," देवेश म्हणाला. "गोठा जसाच्या तसा हाय की." 

चिमाचे कान उभे राहिले. तिनं मान वळवली. तेवढ्यात गौराबाई बादली घेऊन आल्या आणि देवेशचा चेहरा जागच्या जागी थांबला. मग गोल फिरणारी रेघ. मग काहीच नाही.

हर्षला धावत स्वयंपाकघरात गेली. डब्याचा दिवा विझलेला होता. मिक्सरच्या बोर्डचं बटण बंद.

"आई, हे तू बंद केलंस?"

गौराबाईंनी मागून येऊन बटणाकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. एकदा वीज पडून घरातला टीव्ही जळाला होता. तेव्हापासून खोलीतून बाहेर पडताना सगळी बटणं खाली करायची, ही सवय त्यांच्या हातात इतकी मुरली होती की त्यात त्यांचा सहभागच उरला नव्हता.

"हात गेला असंल," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत पन नाय."

पुन्हा चालू करून, पुन्हा जोडून होईपर्यंत चिमा बसली होती. बसलेली म्हैस उठवून धार काढायची नसते.

गुरुवार उजाडला. गजाचा फोन येऊन गेला, सकाळी टेंपो घेऊन येतो म्हणून. दिवेलागणीच्या आधी गौराबाईंनी हात-पाय धुतले, देवघरातला करंडा आणला, आणि त्या पांढऱ्या डब्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं. शेजारी बटणालाही लावलं.

हर्षला बघत राहिली.

"हसू नको," गौराबाई म्हणाल्या. "देव म्हून नाय लावलं. कुंकू लावलेल्याला इजवायला माजा हात जात नाय. एवढंच."

हर्षला हसत नव्हती. माणूस स्वतःच्या हाताला असं आवरू शकतो, याचंच तिला नवल वाटत होतं.

देवेशची पहिली पाळी सुटून तो खोलीवर आला होता. गोठ्यात चित्र स्वच्छ होतं. गौराबाई चिमाच्या कुशीला बसल्या, बादली गुडघ्यांत धरली, कास धुतली. हर्षला दोन पावलांवर फोन धरून उभी राहिली.

"हां, बोल," आई म्हणाली.

देवेशनं घसा साफ केला. "चिमे. ए चिमे. हां, हां, बाय माजी." तो हळू बोलत होता, लाजत. खोलीतल्या दुसऱ्या खाटेवरून कुणीतरी हिंदीत विचारलं, किससे बात कर रहा है? "भैंस से," तो म्हणाला, आणि तिकडे हशा पिकला.

चिमाचे कान फोनकडे होते. पण सडांतून काही उतरत नव्हतं. गौराबाईंची बोटं वरून खाली, वरून खाली जात होती.

"असा नाय रं. तू कीर्तनकारासारखा बोलतोस. त्यांच्यासारखा बोल."

"मला नाय येत आबांसारखं." देवेशचा आवाज कोरडा झाला. "मी काय मिमिक्री करू? मला कदी त्यांच्यासारखं बोलायचंच नव्हतं."

"बरं, नको करू."

"चिमे, चिमे," तो पुन्हा म्हणू लागला. त्याच्या आवाजात आता नुसता थकवा होता. बराच वेळ असंच चाललं. पत्र्यावरचा उजेड मावळत आला. उद्या सकाळी टेंपो येणार हे तिघांनाही ठाऊक होतं. चिमानं कंटाळून मागचा पाय उचलला. बादली तिरपी झाली, हर्षला ती सावरायला वाकली, आणि तिच्या हातातला फोन छताकडे वळला.

"अगं ताई, कुठं धरलायस फोन?" देवेश ओरडला. "मला काय पत्रा दाखवतेस? धड एक काम सांगितलं तर दहा दिशांना बघायचं. नीट उबी ऱ्हा. हां. हलू नको. आता हलू नको सांगतोय ना."

हर्षला जागच्या जागी गोठली. हे शब्द तिनं लहानपणापासून ऐकले होते. शिडी धरताना, टॉर्च धरताना, झोडणीच्या वेळी सुपानं वारा देताना. ओठ आवळून बोललेले, वाक्याच्या शेवटी जरा खाली घसरणारे. त्यात राग थोडाच असायचा आणि काळजी जास्त. त्या माणसाला तिनं स्वतः अग्नी दिला होता. आणि तो आवाज इथं, गोठ्यात, तिच्या तळहातावर, तिच्यावर खेकसत होता.

चिमानं पाय खाली ठेवला. पाठ सैल सोडली. एक लांब श्वास टाकला.

रिकाम्या बादलीच्या तळावर पहिली धार वाजली.

 दुसरी धार आली, तिसरी. मग दोन्ही हातांच्या धारा एकामागून एक येऊ लागल्या आणि बादलीचा आवाज बदलत गेला, खणखणीत होता तो जाड, मऊ झाला. गौराबाईंनी चिमाच्या कुशीला डोकं टेकलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. हर्षलाला फोन धरलेला हात हलवायचं भान नव्हतं. कुठल्या तरी वाळवंटाच्या कडेला, एका खोलीत, तिचा भाऊ श्वास घेत होता. तो श्वास तारांतून आणि हवेतून आला होता, कुंकू लावलेल्या एका डब्यातून पुढे ढकलला गेला होता, आणि इथं एका जनावराच्या पोटात काहीतरी सैल झालं होतं. यातलं थोर काय, हे तिला ठरवता येईना. ते तरंग, की तो गळा? आबांनी कुणालाही न विचारता, न सांगता, तो गळा मुलाच्या ठायी ठेवून दिला होता. इतकी वर्षं तो तिथंच होता आणि त्या मुलाला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

धार मंदावली.

"थांबला का रं?" गौराबाईंनी डोळे न उघडता विचारलं. "बोल. तू थांबलास का ती थांबते."

"आलं?" देवेशचा आवाज बारीक झाला होता. "आई, दूध आलं?"

"आलं. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"ते काय पन बोलायचे."

मग देवेश बोलू लागला. आधी अडखळत. मेसमध्ये आज परत डाळच होती. खोलीतला केरळचा पोरगा रोज पहाटे खोबरं किसतो, झोपमोड होते. पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी लागेल, मग या वेळेला फोन करता येणार नाही.

"तोवर माजा आवाज पन तिच्या कानात बसंल तुज्या आवाजासंगं," गौराबाई म्हणाल्या. "बोल."

तो थोडा थांबला. धार क्षीण झाली. आणि मग तो एकदम म्हणाला, "आई, त्या दिवशी मला वळणापर्यंतच दिसलं."

हर्षलानं फोन आणखी जवळ धरला.

"कुनीतरी फोन धरला होता. वळणावरच्या चिंचेपर्यंत दिसलं. ताईच्या हातात मडकं होतं. मग चित्र थांबलं. तिथंच. आमी लॉकर रूममधी उबे होतो, सगळे उबे होते माज्यासंगं. मी लय वेळ बघत ऱ्हायलो त्या थांबलेल्या चित्राकडं. मला वाटलं, आता चालू होईल." तो बोलत होता आणि दूध येत होतं. "मंग मी मनातल्या मनातच पुढं गेलो. चिंचेच्या पुढनं नदीकडं. खालच्या वाटेनं."

"खालच्या वाटेनं नाय," गौराबाई म्हणाल्या. "तिथं चिखल होता. बांधावरनं नेलं."

"आपल्या बांधावरनं?"

"आपल्याच. भात उबं होतं अजून."

"भाताला लागलं असंल लोकांचं."

"लागलं थोडं. लागू दे."

"खांदे कुनी बदलले?"

"आळीतल्यांनी. रसायनीचे पन आलेले, त्यांच्या कंपनीतले. म्हातारे म्हातारे. त्यांनी सुदा खांदा दिला."

"नदीला पानी होतं?"

"होतं."

"मडकं फोडल्यावर," देवेश म्हणाला, आणि आता तो हर्षलाशी बोलत होता, "ताई, मागं बघितलं नाय ना?"

"नाही बघितलं," हर्षला म्हणाली.

"बघावंसं वाटलं?"

"हो."

तो गप्प झाला. तिकडे कुणीतरी पंखा बंद केला असावा, कारण त्याच्या खोलीतली शांतता अचानक जवळ आली. त्या शांततेतही धार थांबली नाही. आता तिला बोलण्याची गरज राहिली नव्हती. बादलीवर फेस चढला होता आणि त्या फेसात धारा आवाज न करता बुडत होत्या. चिमा अर्धवट डोळे मिटून गव्हाणीतलं गवत ओढत होती.

गौराबाईंनी शेवटचे थेंब निपटून काढले. सडांना तुपाचं बोट लावलं. बादली उचलून उठल्या, तेव्हा गुडघा धरून क्षणभर थांबल्या. मग फोनच्या जवळ आल्या आणि देवेशला दिसेल अशी बादली तिरपी केली.

"दिसतं का?"

"दिसतं," देवेश म्हणाला. 

"आई, गजाला कळवायला हवं," हर्षला म्हणाली. "नाहीतर सकाळी टेंपो घेऊन येईल तो."

"येऊ दे. फोनवर आता देवेश हाय. गजा यील तेवा चहा पाजून माघारी धाडू, दूध हाय घरात." गौराबाई गोठ्याच्या उंबऱ्याशी थबकल्या, आणि मागे वळून फोनकडे बघत म्हणाल्या, "उद्या हीच येळ रं. आनि सगळं आजच बोलून टाकू नको. उद्याला ठेव काय तरी."